एकसष्ट सेंट

इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.
रडणं लिहायचं नाही, टाळ्या लिहायच्या नाहीत,
फार झालं तर कंसात ‘गोंधळ’,
तोही अध्यक्षांनी हातोडा आपटला असेल तरच.

नोव्हेंबरचा दुसरा सोमवार. सरोवरावरून वारा सुटलेला,
सभागृहाच्या काचा आतून घामेजलेल्या.
विषय क्रमांक सहा : पुढल्या वर्षाचं अंदाजपत्रक.
तूट : चार लाख बारा हजार डॉलर.
बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल.

एइनो कार्वोनेन बर्फ उपसणारा ट्रक चालवतो.
म्हणाला, कागदावर ट्रक दोन आहेत, रस्त्यावर दीड.
जानेवारीत टेकडीवरच्या गल्लीत अँब्युलन्स रुतली,
आत कोण होतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.
आणि खाली बसला, दिवा हिरवाच असताना.
मी लिहिलं : वाहनदुरुस्तीची मागणी.

लॉरेन बोड्री हॉकीच्या पोरांची शिक्षिका.
छप्पर गळतं, म्हणाली, आणि गळतं तिथेच गोठतं,
यंदा रिंक छपरानेच बांधायला घेतलंय.
लोक हसले. हसणंही लिहायचं नसतं.

मग वेंडेल क्रूक्स.
चाळीस वर्षं धक्क्यावर लोखंडाची माती बोटीत भरलेला,
खिशातून घरपट्टीचं बिल काढलं, चार घड्यांचं,
त्यावर पेन्सिलीने भागाकार.
वाचनालय रविवारी उघडं ठेवायचा खर्च,
भागिले घरं : एकसष्ट सेंट.
“मी तिथे पाऊल टाकत नाही. माझे मला परत द्या.”
कोणीतरी म्हणालं, अहो, एकसष्ट सेंटसाठी?
“रकमेचं बोलत नाही मी,” म्हणाला,
“खिसा माझा आणि हात कोणाचा, ते विचारतोय.”

पिवळा दिवा.

शेवटच्या रांगेतून एक बाई उठली. यादीत नाव नव्हतं.
रोझेला कादोट, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी,
कोटाखाली एप्रन तसाच.
पर्स उघडून तिने टेबलावर मांडले
दोन पाव डॉलर, एक दहाचं, एक तांब्याचं सेंट.
“घ्या. रविवारी माझी मुलगी तिथे बसते,
घरी अभ्यासाला जागा नाही आणि मला झोपायचं असतं.
तुमचा वाटा मी भरला.”

वेंडेलने नाण्यांकडे पाहिलं,
एखाद्याने भलत्याच पत्त्यावर पार्सल आणावं तसं.
“तुमच्याकडून नकोत,” म्हणाला. “शहराकडून हवेत.”
“मग मी कोण?” ती म्हणाली.

लाल दिवा केव्हाचा लागला होता.
हातोडा आपटला नाही, म्हणून कंसात लिहायला काही नव्हतं.

मतदान चार विरुद्ध तीन.
वाचनालय एक रविवार सोडून एक रविवार,
छपरावर ताडपत्री,
दुसऱ्या ट्रकला जुनाच गिअरबॉक्स, पण दुसऱ्या शहराचा.
कोणीच खूश नव्हतं, आणि दहा वाजून गेले होते.

खुर्च्या उलट्या ठेवल्या तरी नाणी टेबलावरच.
खजिनदार म्हणाले, जमा कशाखाली करू? असं शीर्षकच नाही.
करात घेता येत नाही, देणगी ती म्हणत नाही,
परताव्याला ठराव लागतो.
शेवटी माझ्या खणात, एका पाकिटात.

हिशेब तपासायला दरवर्षी एक तरुण येतो,
पाकीट हलवून पाहतो, ‘इतर’ असं लिहितो.

वेंडेल मार्चमध्ये माझ्या खिडकीशी घरपट्टी भरतो,
रोख, शेवटच्या सेंटपर्यंत.
पावती घेतो आणि आवाज उतरवून विचारतो :
अजून आहेत?
मी पाकीट पुढे सरकवते.
तो हातमोजा काढून एकेक नाणं मोजतो,
परत आत टाकतो.
“बरोबर आहेत,” म्हणतो, आणि निघतो.

बाहेर रस्ता एकाच बाजूने उपसलेला.